बाथरूममध्ये बसवलेली कोंबडी

कोंबडीनं तिसऱ्या पिल्लाच्या डोक्यात चोच मारली तेव्हा मी दारात पोचले. दोन आधीच मेली होती. एक टोपलीच्या काठाशी, अजून ओलं, डोळ्याच्या जागी काही उरलं नव्हतं. दुसरं खाली फरशीवर, अर्धं कवच पाठीला चिकटलेलं. एवढ्याशा जिवात रक्त ते किती असणार, पण पांढऱ्या लादीवर फार दिसतं. कोंबडी टोपलीत उभी होती. मान ताठ, पिसं फुललेली. पायाशी जे वळवळत होतं त्याला ती सापाला मारावं तशी मारत होती.

सून माझ्या मागं उभी होती. "मी फक्त लाइट लावली, आई," ती म्हणाली. "आवाज आला म्हणून बघायला गेले."

मी बटण बंद केलं, दोरीवरचा टॉवेल ओढून कोंबडीवर टाकला आणि तिला दाबून धरलं. तिसरं पिल्लू उचललं. हातात त्यानं दोनदा चोच उघडली आणि संपलं. उरलेली चार अंडी चाचपून पदरात घेतली. एकाला भोक पडलं होतं आणि आतून चोचीचं टोक हलत होतं.

ही कोंबडी बाथरूममध्ये का होती, ते आधी सांगते.

आमचं गाव विमानतळात गेलं. त्याच्या बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला. त्यावर मुलानं घर बांधलं. खाली आम्ही, वर भाडेकरू, ऑफिसात जाणारी माणसं. खालच्या मजल्यावर त्यानं माझ्यासाठी वेगळी बाथरूम केली, खुर्चीसारखा संडास, धरायला स्टीलचा दांडा. मला तिथं बसायला जमलं नाही. मी मागच्या जुन्या पद्धतीच्या संडासात जाते. म्हणून ती बाथरूम पडूनच होती.

घराच्या मागं मातीची एक पट्टी राहिली होती. तिथं शेवग्याचं झाड आणि माझा खुराडा. कोंबड्या मी गावाहून टेम्पोत घालून आणल्या होत्या. माझ्या सासूच्या वेळेपासूनचं ते गावठी बेणं. पावसाळा संपल्यावर मोकाट कुत्र्यांनी खुराड्याची जाळी फाडली आणि सगळ्या मारल्या, कोंबड्यासकट. खाल्ल्या थोड्याच, बाकी नुसत्या फाडून टाकल्या. एक तलंग तेवढी वाचली. नुकतीच अंडी द्यायला लागलेली ती पोर कधी खुराड्यात जायचीच नाही, शेवग्यावर झोपायची. मी कितीदा काठी घेऊन तिला खाली उतरवायला गेले होते. तिनं ऐकलं नाही तेच बरं झालं.

पिसं मुलानं स्वतः झाडली, रक्त धुतलं. मग चहा पिताना म्हणाला, "आये, झालं ते झालं. आता परत कोंबड्या नको. मागं लादी टाकतो. गाडी तरी आत लागंल."

तो रागावून बोलला नाही. गाडी रस्त्यावर असायची, कोणी ना कोणी ओरखडे काढायचं. त्याचंही खरं होतं. वरचा भाडेकरू जिन्यात भेटला, त्याला काही माहीत नव्हतं. "आजी, आज सकाळी मस्त झोप लागली," म्हणाला. मी म्हटलं, "लागणारच. मेला ना तो कोंबडा." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

पण मला ती माती हवी होती. शेती गेली, मिठागर गेलं, म्हशी कधीच विकल्या. स्वयंपाकाला सून आहे, भांड्यांना बाई आहे. कोंबड्या सोडल्या तर त्या घरात माझं म्हणून काही काम नव्हतं. लादी पडली की मी टीव्हीसमोर बसायचं आणि जेवायला हाक मारली की उठायचं. त्याला लोक सुख म्हणतात.

तांदळाच्या डब्यात अंडी होती. कोंबडा जिवंत असतानाची, मेलेल्या कोंबड्यांची आणि या तलंगीची, मिसळलेली. सून त्यांची बुर्जी करायला निघाली होती. मी डबा काढून घेतला आणि मुलाला सांगितलं, ही तलंग खुडूक बसतेय, तिच्याखाली अंडी ठेवते. पिल्लं निघाली तर माती राहील. नाही निघाली तर तुझी लादी घाल, मी तोंड उघडणार नाही. तो हो म्हणाला. त्याला वाटलं, काही निघायचं नाही.

खुडूक बसलेली कोंबडी पाहिली नसेल त्यांना सांगते. ती अंडी द्यायची बंद होते, छातीची पिसं उपटते, कोपऱ्यात बसून राहते आणि जवळ गेलं की गुरगुरते. मग तिच्याखाली अंडी ठेवली की तीन आठवड्यांत पिल्लं. दुसरी एखादी असती तर मी पहिलटकरणीला बसवलंच नसतं. पहिल्यांदा बसणारी कधी मध्येच उठून जाते, कधी अंडं फोडते, कधी पिल्लाला मारते. तिला कळतच नाही पोटाखालून हे काय आलं. माझी सासू म्हणायची, पहिलटकरणीला पोर दाखवायचं नाय, आधी ऐकवायचं. म्हणून तिला गच्च अंधारात बसवायचं. अंधारात आवाज ओळखीचा झाला की मग उजेड.

खुराड्याची वाट कुत्र्यांना कळली होती. घरात गच्च अंधार करता येईल अशी एकच जागा, ती बाथरूम. टोपलीत हापूसच्या पेटीतला पेंढा घातला, कारण करंजाड्यात दुसरा पेंढा आणणार कुठून. वरच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं. सात अंडी ठेवली. सगळ्यांना सांगितलं, लाइट लावायची नाही. मुलगा हसला. "आये, एवढ्या पैशाच्या टाइल्स लावल्या त्या कोंबडीसाठी," म्हणाला.

बसली मात्र चांगली. रोज एकदा मी तिला उचलून बाहेर काढायची, मग ती दाणा खायची, हगायची, पंख झटकायची आणि आपण होऊन बाथरूमच्या दाराशी जायची. मला वाटलं जमलं.

आणि मग ती सकाळ. सुनेलाही पिल्लं हवीच होती, म्हणून तर ती बघायला गेली. पांढरी लादी, पांढरा दिवा. तीन आठवडे अंधारात बसलेल्या जनावराच्या डोळ्यांवर तो उजेड, आणि पोटाखाली ओलं, लाल, वळवळणारं काहीतरी. तिनं मारलं.

मुलगा आला, दारातून बघितलं. "कापून टाक हिला," म्हणाला.

माझाही हात तिच्या मानेवर होता. पिळायला किती वेळ लागतो. पण पदरात अंडं टोचत होतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला महिनाभर तरी आईचं पोट लागतं. तेवढे दिवस मी काय त्याला ब्लाऊजमध्ये घेऊन हिंडणार होते? जिनं तीन मारली तिच्याच पोटाखाली घालणं भाग होतं. मी तिला परत टोपलीत बसवलं. चारांतलं एक अंडं मुकं वाटत होतं, कानाला लावलं तर काही नाही. ते तिच्याखाली ठेवलं, म्हणजे तिचं बसणं मोडू नये. वरून बांबूचं डालगं पालथं घातलं, त्यावर गोणपाट टाकलं आणि दार लावलं.

उरलेल्या तिघांना ऊब हवी होती. तेव्हा कळलं, या घरात गरम असं काहीच नाही. जुन्या घरी चुलीची राख होती, चुलीला लागून असलेल्या वैलावर टोपली ठेवली की काम झालं. नाहीतर पिवळा बल्ब. आता सगळे दिवे पांढरे, हात लावला तरी थंड. शेवटी माझी गुडघे शेकायची रबराची पिशवी काढली, गरम पाण्यानं भरली, वर जुन्या गोधडीचा तुकडा घातला आणि त्यात अंडी ठेवली. सून रडत होती. मी म्हटलं, "रडतेस काय, इस्त्री गरम कर." ती फडक्यावर इस्त्री फिरवायची आणि मी ते फडकं अंड्यांवर घालायची. दिवसभर आम्ही तेच केलं. ती त्या दिवशी कामावर गेली नाही.

भोक पडलेलं अंडं दुपारी उकललं. पिल्लू चांगलं, काळपट, पायावर उभं राहणारं. दुसरं संध्याकाळकडे निघालं, त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले. ते उठायचं आणि पडायचं. तिसऱ्याची चोच बाहेर आली होती, पण पुढं येत नव्हतं. सून म्हणाली, "आपण सोलूया ना, आई." मी हात लावू दिला नाही. ओढून काढलं की आतली शीर फुटते आणि रक्त जातं. थांबलो. चोच हलायची थांबली. सोललं असतं तरी मेलं असतं, असं मी म्हणते. नक्की कोण सांगणार.

दिवेलागणीला चांगलं पिल्लू मुठीत घेऊन मी अंधारात बाथरूममध्ये गेले. गोणपाट सरकवून हात कोंबडीच्या पोटाखाली घातला. तिनं मनगटावर चोच मारली, पुन्हा मारली. रक्त आलेलं कळलं. मी हात काढला नाही, काढला असता तर पुढची चोच पिल्लाला बसली असती. ती मारत राहिली आणि मी शिव्या देत राहिले. मग मुठीतलं पिल्लू चिवचिवलं.

कोंबडी थांबली.

पुन्हा चिवचिवलं. तिच्या छातीत काहीतरी गुरगुरलं. रागाचं नव्हे, खालच्या आवाजातलं, तोंड मिटून काढावं तसं. मी मूठ उघडली. थोड्या वेळानं पाय फाकलेलंही आत सरकवलं आणि हात काढून घेतला. दाराबाहेर स्टूल टाकून बसले. सुनेनं ताट तिथंच आणून दिलं.

सकाळी पाय फाकलेलं मेलेलं होतं, चपटं झालेलं. अंगावर चोचीची खूण नव्हती. उठता येत नव्हतं म्हणून तिच्या वजनाखाली दबलं. दुसरं पंखातून डोकं काढून बघत होतं. मुकं अंडं मी काढून घेतलं, त्याला वास सुटला होता. मेलेली सगळी शेवग्याच्या बुडाशी पुरली.

काही दिवस दार बंदच ठेवलं, दाणापाणीही चाचपत दिलं. मग दार बोटभर उघडायला लागले, मग वीतभर. पहिल्यांदा उजेड पिल्लावर पडला तेव्हा मी हातात काठी घेऊन बसले होते. कोंबडीनं मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तांदळाची कणी उचलून त्याच्यापुढं टाकली. माया बिया मला माहीत नाही. तिनं मारलं नाही एवढं खरं.

मुलगा म्हणाला, "सातातून एक. याला पिल्लं निघाली म्हणायचं का, आये?" मी काही बोलले नाही, मी बोलणार नाही असं कबूल केलं होतं. स्वयंपाकघरातून सून म्हणाली, "निघालं ना? मंग. शेवग्यापर्यंत घाला काय घालायचं ते." त्यानं शेवग्यापर्यंत लादी घातली. पलीकडे माती राहिली. तिथं नवीन जाळीचा खुराडा मी उभी राहून करून घेतला, खालून विटा लावून.

पिल्लाला तुरा आला, तो नर निघाला. वरची भाडेकरीण विचारत होती, आई आणि मुलगा, मग पुढची अंडी कशी चालतील. मी म्हटलं, कोंबड्यांत नातं बघत नाय कोणी.

कोंबडी जगली आणि हा एक कोंबडा जगला. बाकीचं सगळं गेलं.