तक्त्यात तळाला असलेली शाळा

एका शाळाप्रवेशाचा खरा खर्च सांगतो: माझे तीन रविवार आणि सूनबाईंचा अबोला.

नात पहिलीत जाणार. सरकारी वेबसाइटवरचे आकडे काढून मी महापालिकेच्या शाळांचा तक्ता केला. स्वारगेटजवळची शाळा पहिली आली. आमच्या कात्रजची तळाला, कारण मुलांचा पट सारखा घसरलेला.

"एवढीशी पोर रोज बसने जाणार?" सूनबाई म्हणाल्या.

"विटा उचलून बिल्डर झालोय. कुठं पाणी मुरतंय, ते आकड्यांवरून कळतं मला."

आज तरीही तळाच्या शाळेत डोकावलो. व्हरांड्यातच एका मुलीचा आवाज कानावर आला, "बाई, तुमचं गणित चुकलं!"

"कुठं? ये, फळ्यावर दाखव," बाई हसत म्हणाल्या.

जीव भांड्यात पडला. तरी मुख्याध्यापिकांना विचारलंच, "मग पट का घसरला?"

"अहो, समोरची इमारत पूर्ण झाली. मजुरांची मुलं आईबापांबरोबर दुसऱ्या साइटवर गेली."

नातीचं नाव तिथंच घातलं. सूनबाई पुन्हा बोलायला लागल्या. तुम्ही शाळा कशी निवडलीत, आकडे बघून की कान देऊन?

आणि हो, ती समोरची इमारत मीच बांधलीय.