बी ग्रुपची आजी आणि गणिताचा तास

नात टोकियोत सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला. पदवी झाली की प्रवेशपरीक्षा देऊन मेडिकलला शिरायचं, हे तिचं ठरलेलं. त्या दिवशी विषय नोंदवायची मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती, आणि बुधवारी गणित आणि शरीरक्रियाशास्त्र नेमके एकाच तासाला. एकच घेता येणार. टोकियोच्याच ओजिमा भागातल्या आमच्या घरात सकाळपासून कुणी धड जेवलं नव्हतं.

"यात विचार कसला?" मी म्हणाले. "डॉक्टर व्हायचंय ना? मग बी ग्रुप!"

माझ्या मुलाने, म्हणजे तिच्या बापानेही मान डोलावली. आम्ही पुण्याची माणसं. गणितवाला ए ग्रुप इंजिनियरचा, जीवशास्त्रवाला बी ग्रुप डॉक्टरचा, याच्या पलीकडे आमची अक्कल जात नाही.

मीही बी ग्रुपच घेतला होता. गणित सोडलं त्या दिवशी ही बया मनाने डॉक्टरीण झाली. डोळे ठणठणीत असताना चष्म्याचा हट्ट धरला, रुबाबासाठी! मार्क असे पडले की मेडिकलने दारातही उभं केलं नाही, आणि इंजिनियरिंगचं दार मीच लावून घेतलेलं. पुढे जन्मभर विमा कचेरीत हप्त्यांची आकडेमोड. गणिताने मला बरोबर गाठलं.

"आजी, इथे बी ग्रुप नसतो," नात म्हणाली. "मला हव्या त्या कॉलेजच्या परीक्षेत गणिताचा अख्खा पेपर आहे."

"बाकीच्या कॉलेजांत नाहीये!" मुलाचा आवाज चढला. "तिथे शरीरक्रियाशास्त्रच विचारतात. एकासाठी सगळी घालवणार?"

ती जपानीत काहीतरी पुटपुटली. राग आला की तिचं मराठी आधी आटतं.

"तेच कॉलेज कशाला?" मी विचारलं.

"घरून जाता येतं. बाकीची लांब आहेत. मग तुझ्याबरोबर दवाखान्यात कोण येणार? डॉक्टर जपानीत काय म्हणतात ते तुला कोण सांगणार?"

मी गुडघे चोळायची थांबले. "माझ्या गुडघ्यांसाठी विषय निवडशील तर याद राख! मी हातवारे करून सांगेन त्यांना. तुझं बोल."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "शरीरक्रियाशास्त्र मी पुस्तकातून वाचू शकते. गणित मला एकटीला येणार नाही. शिकवणारं कुणीतरी लागेल."

"मग गणित घे."

"आई, तू तिला भरीस घालू नकोस," मुलगा म्हणाला.

तिने गणित निवडून बटण दाबलं. पाच वाजले आणि पान बंद झालं.

"बाकीची कॉलेजं गेली आता," मुलगा म्हणाला. नातीने शरीरक्रियाशास्त्राचं पुस्तक पुढे ओढलं. मी भात गरम करायला उठले.