कौसाबाईशी भांडले तो दिवस

त्या दिवशी सकाळी मी कौसाबाईवर ओरडले... सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल इतकी.

जाम गावाजवळचा छोटासा बाळंतपणाचा दवाखाना. वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी तिथली मुख्य नर्स, आणि वयानं सगळ्यांत लहान. आता नव्वदी कधीच उलटली, बोटं स्क्रीनवर घसरतात, तेव्हा थोडक्यात सांगते.

कौसाबाई आमच्याकडची आया. कामाला वाघ, पण तोंड... देवा! भांडी आपटायची, पेशंटच्या सासवांना दारातून पिटाळायची, कंपाउंडरवर तर रोज खेकसायची. कुणी समजूत घालायला गेलं की बादली तिथेच टाकून मागच्या ओट्यावर जाऊन बसायची.

मी पडले शहाणी. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आवाज चढवायचा नाही. त्यामुळे तिनं काहीही केलं तरी मी आपली हळू आवाजात, "असू द्या हं कौसाबाई, दमला असाल, बसा जरा." आणि तिची राहिलेली फरशी मीच पुसायची... माझा गोडवा वाढला तशी तिची आदळआपटही वाढली. नाकी नऊ आले होते.

हिंगणघाटहून डॉक्टर दर आठवड्याला यायचे. तक्रारी ऐकून तेही कंटाळले. म्हणाले, "पुढच्या फेरीला काढून टाकू तिला. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, दवाखान्यामागची खोली हेच तिचं घर. काढलं तर आंजी गावी भावाच्या दारात जाऊन बसायचं, आणि भावजय कशी आहे ते आम्ही तिच्याच तोंडून ऐकलं होतं.

नेमकी डॉक्टरांच्या फेरीच्या दिवशीच सकाळी एक पहिलटकरीण आली. कळा जोरात. मी पाणी उकळून झाकून ठेवलं होतं, ते कुणीतरी कौसाबाईच्या गंजात, म्हणजे तिच्या पातेल्यात, ओतलं. मी आतून आले तर ही बाई गंज मोरीत उपडा करतेय! "माया गंजात पानी काऊन ठिवलं?"

माझं डोकंच सणकलं. "कौसा, अक्कल गहाण टाकलीस का? ती पोर आत तळमळतेय आणि तू गंजासाठी पाणी ओतून देतेस? रोज तुझी आदळआपट ऐकून कान किटले माझे. आधी चूल पेटव, मग काय रुसायचं ते रूस." आणखीही बरंच बोलले... घसा बसेपर्यंत.

तिनं कमरेवर हात ठेवून ऐकलं. मग तितक्याच जोरात उत्तर दिलं. मीही सोडलं नाही. आणि बोलता बोलताच ती चूल फुंकत होती, ओट्यावर काही गेली नाही. पाणी वेळेत उकळलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुपारी ती माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी गळून बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "राहू द्या बाई. इतके दिस तुमी मायासंगं बिमार माणसावानी बोलून राह्यल्या होत्या. माया माणूस गेला तवापासून गावात मले कोणी उलटून बोलत नाई. सारे बिचारी बिचारी करतेत, न् बाजूनं निंघून जातेत."

मग म्हणाली, "उद्याबी माह्यं चुकलं तं बोलजा."

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "मग, काय ठरलं?" म्हटलं, "राहू द्या तिला. आम्ही भांडू आमचं आमचं."

ती काही सुधारली नाही, उगाच गोड सांगत नाही. कंपाउंडरवर खेकसणं चालूच राहिलं. मीही दिवसातून एकदा तिच्याशी हुज्जत घालायची आणि दमून जायची. पण काम टाकून ओट्यावर जाणं तेवढं थांबलं.

इतके महिने मला वाटत होतं, मी तिला किती समजून घेतेय... आणि मीसुद्धा बाजूनंच निघून जात होते.