एकाच चेहऱ्याच्या म्हाताऱ्या

आमच्या बंदरावर एखादी म्हातारी गेली की पहिला प्रश्न पडतो तो नेमकी कुठली गेली हा. दोष प्यो फोटोवाल्याचा. आपल्या अंत्यविधीत मांडायचा फोटो आमच्याकडे माणसं जिवंतपणीच काढून ठेवतात. ऐन वेळी मुलांनी सहलीतला, तोंडात घास असलेला फोटो शोधून काढायला नको. प्यो तो काढतो आणि मग संगणकावर बसून मनापासून सुधारतो. डोळे मोठे, पापणीला घडी, हनुवटी निमुळती, कातडी सोललेल्या अंड्यासारखी. सुंदर बाईचा नमुना त्याच्याकडे एकच. गेल्या हिवाळ्यात जाळी विणणारे ओ काका अंत्यविधीच्या भवनात भलत्याच खोलीत शिरले, भलत्याच म्हातारीच्या फोटोपुढे लोटांगण घालून पोटभर रडले आणि जेवूनच घरी आले.

माझी काकू माल-सून या फोटोची जन्मभर वाट पाहत होती. तिच्या डाव्या डोळ्याखाली काळ्या घेवड्याच्या दाण्याएवढा तीळ आहे. लग्नाच्या दिवशीच आजीनं जाहीर केलं होतं की हा रडका तीळ, नवऱ्याला गिळणार. लग्नानंतर तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या काकांची होडी परत आली नाही. आजी बरोबर ठरली आणि मरेपर्यंत बरोबरच राहिली.

त्यानंतर काकूनं बाजारात सुकी मासळी विकली ती डावा गाल भिंतीकडे करून. गिऱ्हाइकांना ती अर्धीच ठाऊक. घरातला आरसा तिनं इतका उंच टांगलेला, की त्यात फक्त भांग दिसायचा.

शेवटी प्योनं तिचा फोटो काढला, त्यातला तीळ पुसला, बाकीही हात फिरवला. काकू बराच वेळ फोटो बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ही कोण?"

प्यो म्हणाला, "तुम्हीच, आजी. मनातल्या."

तिनं तो फोटो काकांच्या तरुणपणच्या फोटोशेजारी लावला. काही दिवस मजा वाटली. काकू फोटोतल्या बाईला 'बाईसाहेब' म्हणायची, बाहेर पडताना तिच्याकडे बघून पदर सावरावा तशी जॅकेटची चेन खालीवर करायची. पुढे जेवण कमी झालं. बाईसाहेबांची मान नाजूक होती ना. बोलताना काकूनं 'मी' म्हणणं सोडलं. मी गेलो की दार उघडून सांगायची, "ती आहे आत." माझी थट्टेची सवय दांडगी, पण त्या खोलीत शिरताना मी ती चपलांबरोबर दाराशी काढून ठेवायचो. भिंतीवरची बाई घरधनीण आणि खाली बसलेली काकू मोलकरीण, असं वाटायचं.

मग काकांच्या श्राद्धाची तिथी आली. काकूला मूल नाही, त्यामुळे विधी पुतण्याकडे, म्हणजे माझ्याकडे. दिवेलागणीला दोन्ही फोटोंपुढे ताट मांडलं. भात, सूप, मुळा, सुका मासा. दार किलकिलं ठेवलं. मी दारूचा पेला भरला, भातात चमचा उभा रोवला आणि आम्ही दोघं बाहेर पडवीत बसलो. मेलेला माणूस जेवत असताना जिवंतांनी तोंडाकडे बघायचं नसतं.

दरवर्षी काकू आत गेल्यावर समाधानानं म्हणते, "जेवला." मला काही दिसत नाही, पण मी मान डोलावतो.

त्या दिवशी आतून मेणबत्तीचा उजेड आधी वाढला, मग दाराकडे झुकला आणि मावळला. ओल्या दोरखंडाचा वास आमच्यामधून निघून गेला. काकूनं माझा हात धरला. आम्ही रीतीप्रमाणे खाकरून आत गेलो. भातावर सुरकुतीही पडली नव्हती.

"बघून परत गेला," काकू म्हणाली.

मी वाऱ्याबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारची बुन-र्ये पायांत चप्पल न घालताच आली. तिच्याही भिंतीवर प्योनं केलेला फोटो आहे. आवाज अगदी हळू करून तिनं सांगितलं की ती जेवायला बसली होती, लोणचं आणायला उठली, आणि परत येते तर तिच्या भातात चमचा उभा.

जिवंत माणसाच्या ताटात चमचा उभा कोणी ठेवत नाही. आमच्याकडे रांगतं पोरही ठेवत नाही.

मला हसू येत होतं. "काकू, काका घर चुकले," मी म्हणालो.

काकू हसली नाही. "घर नाही चुकला. बाई चुकला. दोन्ही भिंतींवर एकच तोंड." आणि मग, इतक्या वर्षांत कधी न सांगितलेलं तिनं सांगितलं. होडीवर निघताना काळोख असायचा. दिवा लावला तर आजी जागी होईल, म्हणून काका चाचपडत यायचे, बोटानं तीळ शोधायचे आणि म्हणायचे, "हां, सापडलीस."

ती उठली. मेणबत्तीच्या वातीवरची काजळी तिनं बोटावर घेतली आणि फोटोच्या काचेवर, डाव्या डोळ्याखाली, ठिपका दिला. "मी इथं आहे," ती दाराकडे बघून म्हणाली.

बुन-र्येसकट आम्ही पुन्हा पडवीत येऊन बसलो. दोरखंडाचा वास बुन-र्येच्या घराकडून आला आणि आत गेला. या खेपेला आम्ही खाकरायला मुद्दाम उशीर केला.

आत भाताला खळगा पडला होता.

आवरताना मी काच पुसायला घेतली. ठिपका निघेना. फडकं ओलं केलं, नखानं खरवडलं, तरी निघेना. काच तिरकी धरली तेव्हा कळलं, ठिपका आतल्या बाजूला होता.

"राहू दे," काकू म्हणाली. "मी लावलेला केव्हाच पुसला गेला. हा त्यानं ठेवलाय." आणि तिनं ताटातला गार भात ओढून घेतला नि सगळा खाल्ला.

आता ती बाजारात डावा गाल रस्त्याकडे करून बसते आणि भावात जास्तच आडमुठेपणा करते. प्योच्या दुकानात म्हाताऱ्या आपापल्या चामखिळी परत मागायला येतात. मीही माझा फोटो काढून आलो. वाकडं नाक तसंच ठेव म्हणून त्याला दोनदा बजावलंय; आमची ही कुणा भलत्याला जेवू घालेल, भरवसा नाही.