सदऱ्याआतला पट्टा

रोज सकाळी साडेसातला मी बाबांच्या कमरेला पट्टा बांधायची. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा, चार पदरी. बाबा भिंतीला दोन्ही हात टेकून उभे राहत, श्वास सोडत आणि म्हणत, "अजून आवळ, माय." वरून सदरा. आत काय आहे हे सिंदी मेघेतल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर कुणाला कळता कामा नये. मिस्त्रीची कंबर गेली हे ठिय्यावर कळलं की मिस्त्री गेला.

ठिय्या म्हणजे वर्ध्यातला तो चौक, जिथे आठ वाजता मिस्त्री, मजूर, विटा-रेती वाहणाऱ्या रेजाबाया उभ्या राहतात आणि ठेकेदार माणसं निवडून नेतात. निवडण्याची त्यांची एक रीत आहे. मोटारसायकलवर बसल्या बसल्या ठेकेदार तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी मुद्दाम खाली टाकतो. "देजो जरा उचलून." समोरचा कसा वाकतो, उठताना हात गुडघ्यावर ठेवतो का, एवढंच तो पाहतो. बाबांपुढे मात्र कुणी पुडी टाकत नसे. जुना माणूस, हात चांगला.

त्यांची कंबर गेली ती पवनारच्या एका बांधकामावर, सिमेंटची बोरी खांद्यावरून उतरवताना. ठेकेदारानं बामची डबी दिली. बाबांनी 'उसण भरली' म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पट्टा बांधून कामावर गेले.

मी पत्रकांवर वाढले. बाबा मजूर संघटनेच्या मोर्चाहून ती घडी करून आणत आणि जेवताना माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेत. 'शोषण' हा शब्द मला शाळेच्या आधी लिहिता येत होता. म्हणून संघटनेत बांधकाम मजुरांच्या दुखण्यावर पत्रक काढायचं ठरलं तेव्हा ते मीच लिहिलं. नाव कुणाचंच नव्हतं. फक्त एक वाक्य होतं: एक मिस्त्री सदऱ्याच्या आत बायकोच्या हिरव्या लुगड्याचा पट्टा बांधून रोज भिंती उभ्या करतो. मला ते वाक्य फार आवडलं होतं. ठिय्यावर मी ते स्वतः वाटलं. मी कुणाची मुलगी आहे हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, आणि हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उरलेली पत्रकं घेऊन तिथेच उभी होते. एक रेजा ओरडली, "काय मिस्त्री, आज हिरवं का पिवळं?" सगळे हसले. बाबाही हसले.

मग नेहमीचा ठेकेदार आला आणि त्यानं बाबांपुढे पुडी टाकली.

बाबा वाकले. गुडघ्याला हात लावला नाही. पुडी उचलून दिली तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता.

"नाई जी, मिस्त्री," ठेकेदार म्हणाला. "उद्या तुम्ही पडले त तुमची पोरगी माह्यावर पत्रक काढन."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. इलाजाचा खर्च मालकानं करावा, ओझं दोघांनी उचलावं, सगळं हातातल्या कागदावर छापलेलं होतं. मी ते बोललेही. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. दुसऱ्या मिस्त्रीला मागे बसवून निघून गेला. लाज पट्ट्याची नाही, पुडी टाकणाऱ्या हाताची आहे, हे मी आजही म्हणते. पण त्यानंतर आठ दिवस बाबांना कुणीच नेलं नाही.

"मी खोटं काय लिहिलं, बाबा?"

"खोटं कुठी लिवलं? खरं लिवलं म्हनून त घरी बसलो."

नवव्या दिवशी त्यांनी मला पहाटेच उठवलं. "आर्वीची गाडी पकडतो. तिथं मले कोनी ओळखत नाई. बांध."

मी पट्टा बांधला. सदरा घालून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि आपली थापी माझ्या हातात दिली.

"टाक खाली. अन् पाह्य, हात कुठी जाते त."

मी थापी टाकली. ते वाकले, उठले.

"गुडघ्यावर गेला," मी म्हणाले.

"पुन्हा टाक."