मॅडमला अकरा वाजता दौरा

हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्या ऑफिसात कुणाला सांगू नका. माझी इतकी फजिती आजवर कुणी केली नव्हती, आणि ही तर मी स्वतःच्या तोंडानं करून घेतली!

मी डॉक्टर आहे, पण पेशंट न तपासणारी. सरकारी दवाखान्यांचा कारभार तपासायचा, तो सुधारायचा, हे माझं काम. खुलताबादच्या पुढं एक गाव आहे. तिथल्या आरोग्य केंद्रात बाळंतपणाची खोली रंगवून तयार, आणि दाराला कुलूप. का? तर खोली सुरू करायचा ठराव दवाखान्याच्या समितीनं करायचा, आणि समितीची बैठक कधी भरायचीच नाही. रजिस्टर घरोघर फिरायचं, सह्या व्हायच्या, झाली बैठक! आणि गावातल्या बायका कळा सोसत पार शहरापर्यंत यायच्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता बैठक मी भरवणार, माणसं समोर बसवून.

समितीवर रशीदाआपा नावाच्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. खोलीसाठी त्याच एकट्या भांडत होत्या, कारण त्यांच्या सुनेला आठवा महिना लागला होता. मी त्यांना फोन लावला. आता आपलं कसं असतं, समोरच्याचं नाव रशीदा म्हटलं की आपण विचार न करता हिंदीत शिरतो. माझं हिंदी कसलं आहे, ते आता ऐकाच.

"आपा, कल ग्यारह बजे मेरेको तुम्हारे गाँव में दौरा है।"

आपांनी हळूच विचारलं, "ग्यारह बजेच? पहले से मालूम पड़ता क्या?"

"हाँ, पंद्रह दिन पहले। ऊपर से आता है।"

"ऊपर से? कब से है ये?"

"नौकरी लगी तब से। आप बस सब लोगों को जमा करो। जो होना है, सबके सामने होना।"

पारदर्शकता हो! मला माझंच कौतुक वाटलं. आपा नुसत्या 'या अल्लाह' म्हणाल्या. मला वाटलं, बाई भारावल्या.

दुसऱ्या दिवशी पोचले, तर दवाखान्याच्या अंगणात अर्धं गाव. सरपंच हजर, समितीचे झाडून सगळे सदस्य हजर. ॲम्ब्युलन्स मागचं दार उघडं ठेवून उभी. मनात म्हटलं, याला म्हणतात वचक. फक्त सगळे माझ्याकडे बघायचे सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे का बघतायत, ते कळेना.

अकराला पाच कमी असताना मी भाषण सुरू केलं. न वाचता सह्या करणाऱ्यांवर घसरले, आवाज चढला, हात हवेत गेले. झालं! आपांनी मला मागून घट्ट धरलं, सरपंचांनी फोडलेला कांदा थेट नाकाला लावला. एकानं तर पायातली चप्पलही काढली होती.

"हे काय चाललंय?" मी कसंबसं विचारलं.

"दौरा आला नव्हं तुमाला," सरपंच म्हणाले. "फिट. तुमीच तं सांगितलं आपाला."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कांद्यानं डोळ्यांतून धारा, त्यात शरमेनं लाल झालेलं तोंड. सगळा घोळ सांगितल्यावर आपा शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, मला मराठी येतं की. जन्म इथंच गेला माझा. मराठीत दौरा म्हणल्या असत्या तं मी मीटिंग समजले असते. तुमी हिंदीत म्हणल्या, म्हणून फिट समजले."

फजिती व्हायची ती झाली, पण माणसं तर जमली होती. मी डोळे पुसून बैठक उरकून घेतली. ठराव मंजूर झाला, कुलूप तिथल्या तिथं उघडलं. आपा सुनेला घेऊन आल्या आणि तिला खोली दाखवायला लागल्या. तेव्हा मला खरंच भरून आलं, कांदा जवळ नसताना.

त्याच भरात कारकुनानं इतिवृत्त पुढं केलं आणि मी झोकात सही ठोकून मोकळी झाले.

चार दिवसांनी आमच्या साहेबांनी बोलावलं. तेच इतिवृत्त समोर धरून ते पहिला विषय मोठ्यानं वाचायला लागले: 'डॉक्टर मॅडम यांना नियोजित वेळी दौरा न आल्याबद्दल सभा समाधान व्यक्त करते. सर्वानुमते मंजूर.'

"सर्वानुमते?" साहेबांनी विचारलं.

खाली माझी सही होती. चांगली ठळक, तारखेसकट.