मामांनी घासलेला स्पूल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "आत्ताच?" फोन करणाऱ्या मामेभावाला वाटलं, मला धक्का बसलाय. धक्का नव्हता, संताप होता. पंधराच दिवसांपूर्वी परभणीच्या दवाखान्यात रंगनाथमामांच्या उशाशी बसून मी एकच गोष्ट मागितली होती... "मामा, त्या लोडरचं खरं काय ते सखारामला एकदा सांगून टाका." त्यांनी कूस बदलली. म्हणाले, "घरी आल्यावर बघू की. पळून चाललोय व्हय मी?" आणि गेले पळून. त्याला आता दीड महिना झाला. मामींनी मला पेपरातल्या श्रद्धांजलीच्या पुरवणीसाठी चार चांगले शब्द लिहायला सांगितलंय. जे आहेत ते आधी लिहून टाकतो.

मानवतला पाथरी रोडवर त्यांचं गॅरेज. लोडर, ग्रेडर अशा जड गाड्यांमध्ये ड्रायव्हर नुसती दांडी हलवतो, गिअर टाकायचं काम आत तेल करतं. त्या तेलाला वाट दाखवतो तो कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि तो उघडून पुन्हा नीट बसवणारा माणूस आमच्या भागात एकच होता. मला ते काम मामांनीच शिकवलं, हे नाकारत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, आत वारुळासारख्या वाटा. त्या वाटांमध्ये बोटाएवढे पोलादी दांडके मागेपुढे सरकतात, त्यांना स्पूल म्हणायचं. एका बाजूनं तेल ढकलतं, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग अडवते. तेलाचा जोर वाढला की स्पूल सरकतो, एक वाट उघडते, दुसरी मिटते, आणि तेल नेमक्या क्लचपाशी जाऊन त्याच्या प्लेटा आवळतं. पडला गिअर! दाब हळूहळू चढला तर गाडी अलगद उचलते, एकदम चढला तर ड्रायव्हरचं कपाळ काचेला. लोडरमध्ये आणखी एक स्पूल असतो. ब्रेक दाबला की तो क्लचमधलं तेल सोडून देतो, म्हणजे इंजिन पुढे रेटायचं थांबतं आणि ब्रेकला गाडी धरता येते. हा स्पूल नीट ध्यानात ठेवा. माझी अकरा वर्षं त्यानंच खाल्ली.

मामांना चमकवायची खोड होती. व्हॉल्व्ह उघडला की प्रत्येक स्पूल पॉलिश पेपरनं घासायचे, अगदी कडांसकट, आणि गाडीमालक आला की पांढऱ्या फडक्यावर मांडून दाखवायचे. "आरसा हाय आरसा! भांग पाडून घ्या." मालक खूश. पण स्पूलची कड धारदारच राहावी लागते. तो आणि त्याचं भोक यांच्यात केसाएवढीही जागा नसते. कड धारदार असेल तर तेलातला बारीक कण ती पुढे ढकलते. कड गोल झाली की तोच कण त्या फटीत शिरतो आणि स्पूल जागीच अडकतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात कडा घासू नका असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवलं, तेव्हा चार गिऱ्हाइकांसमोर मामा हसले. "पुस्तक वाचून गिअर पडत न्हाई, सुधाकर." गिऱ्हाइकंही हसली. ते हसू मी विसरलेलो नाही.

मग एका साखर कारखान्याचा लोडर आला, उसाचा चोथा ढकलणारा. त्याचा तो ब्रेकचा स्पूल मामांनी स्वतः घासला, स्वतः बसवला. मी फक्त वरचे बोल्ट आवळले. गाडी गेली, आणि चौथ्या दिवशी यार्डात भिंतीपाशी वालूरचा सखाराम काम करत उभा होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, स्पूल अडकला, क्लचमधलं तेल सुटलंच नाही. ब्रेक दाबलेला असूनही लोडर रेटतच राहिला... सखारामचा उजवा पाय लोडरची पुढची बकेट आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. तेव्हापासून तो काठीवर आहे.

कारखान्याचा इंजिनियर आणि सखारामचा भाऊ गॅरेजवर आले. काम कुणी केलं, विचारलं. मामांनी शांतपणे हात पुसले. "भाच्यानं घासला. मी तवा पाथरीला गेल्तो." मी तिथंच उभा होतो. चांगला तीस वर्षांचा बाप्या, आणि गप्प राहिलो. आमच्या घरात परक्यासमोर मामांचा शब्द कुणी खोडत नाही. लग्नात माझ्या पाठीशी उभा राहिलेला मामा तो, त्याला खोटा कसा पाडणार? माझी चूक म्हणाल तर ही एवढीच, आणि ती फार मोठी निघाली. ते दोघं गेल्यावर मामा म्हणाले, "गॅरेज माझ्या नावावर चालतंय, तुझ्या न्हाई. जरा दम धर, सांगतो मी नंतर." त्या दिवसापासून मामांनी एकाही स्पूलच्या कडेला पॉलिश पेपर लावला नाही. मधलाच भाग घासायचे, माझ्याकडे न बघता. म्हणजे कळलं होतं सगळं. हातांना कबूल होतं, तोंडाला नव्हतं. याला मी भित्रेपणा म्हणतो. मामा गेले म्हणून त्याला दुसरं नाव देणार नाही.

वालूर माझी सासुरवाडी. दर सणाला बसमधून उतरलो की स्टँडवर सखाराम दिसायचा. मी राम राम घालायचो, तो काठी आपटून तोंड फिरवायचा. बायको खाली बघत चालायची. मामांना हे मी दरवर्षी सांगितलं, आणि दरवर्षी "नंतर".

तेराव्याला सखाराम आला. मी त्याला मांडवाबाहेर नेलं आणि सगळं सांगितलं. स्पूल, कडा, पाथरीचं खोटं, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेलेल्या माणसावर ढकलायलास व्हय रे? ते जित्ते होते तवा का न्हाई बोललास?" आणि न जेवता निघून गेला. मामा गेले ते माझा एकुलता एक साक्षीदार घेऊन गेले. आता मी कितीही खरं बोललो तरी ते मढ्यावर ढकललेलंच दिसणार. या गोष्टीसाठी मी मामांना माफ केलेलं नाही. मामी, तुम्ही हे वाचाल. लय वाईट वाटंल तुमाला... वाटू द्या.

गॅरेज आता मीच चालवतो. आत शिरताच डाव्या हाताला मामांची लोखंडी खुर्ची आहे, पाठीला टॉवेल टाकलेली. तो टॉवेल मी दोनदा काढून टाकला, मामेभावानं दोनदा परत आणून टाकला. परवा एक ड्रायव्हर आला, दुसरा गिअर उशिरा पडायलाय म्हणून. त्याची सगळी तक्रार त्यानं त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सांगितली. मी म्हणालो, "अरे, इकडं बघ. काम मी करतो." त्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा घुटमळला, आणि विचारलं, "लोडरचं काम केल्तं ते तुमीच का?"